अगापँथस फुलत नाही? कुंडी बदलायची घाई नको
अगापँथसला फूल येत नाही म्हणून लगेच मोठी कुंडी आणू नका. दक्षिण आफ्रिकेतल्या या झाडाची मुळं जाड, मांसल असतात आणि कुंडीत थोडी दाटी झाली की ते उलट छान फुलतं. आधी ऊन बघा. रोज निदान 6 तास हवंच, सावलीत नुसती पानं माजतात. नत्र जास्त असलेल्या खतानेही तेच होतं. आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात मात्र दुपारची सावली द्या. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढाच, पाणी साचलं की मुळं कुजतात. 4-5 वर्षांनी मुळं कुंडी फोडायला लागली, की बहर संपल्यावर गड्डा धारदार सुरीने कापा. प्रत्येक तुकड्याला 2-3 फुटवे ठेवा. असं वेगळं केलेलं रोप पहिल्या वर्षी बहुधा फुलत नाही.