टू मीटर बँडवर एसडीआर प्लस प्लसचा स्कॅनर लावताना

रेडिओ क्लबात नवीन आलेल्या पोरांचा ठरलेला प्रश्न असतो: "काका, डोंगल घेतलं, सॉफ्टवेअर टाकलं, स्कॅनर चालू केला, पण तो एकाच जागी अडकून बसतो. नाहीतर कुठेच थांबत नाही." डोंगल म्हणजे यूएसबीत लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर आणि स्कॅनर म्हणजे सिग्नल आपोआप शोधून त्यावर थांबणारी सॉफ्टवेअरमधली सोय. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो. मी एसडीआर प्लस प्लस हे संगणकावर रेडिओ ऐकायचं सॉफ्टवेअर वापरतो. ते विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर सारखंच चालतं आणि त्याचा स्कॅनर सोबतच येतो, वेगळा कुठून उतरवावा लागत नाही.

उदाहरणाला आपला हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, टू मीटर बँड घेऊ, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. हाच का, तर तो जेमतेम दोन मेगाहर्ट्झ रुंद आहे. आरटीएल डोंगल २.४ मेगासॅम्पलला सुखाने चालतं, म्हणजे एका वेळी साधारण तेवढे मेगाहर्ट्झ बघतं; मध्य १४५ वर ठेवला की सगळा बँड एकाच वेळी पडद्यावर दिसतो. हातातल्या सेटसारखं एकेक चॅनल फिरवत बसायची गरजच उरत नाही. स्कॅनर पडद्यावरचा आलेख वाचतो आणि जिथे डोंगर दिसेल तिथे जाऊन बसतो. तो बोलणं ऐकत नाही, फक्त उंची मोजतो, हे नीट लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या सेटिंग यातूनच निघतात.

आधी डोंगलचं बघू. विंडोजवर झॅडिग हे ड्रायव्हर बसवायचं साधन चालवून विनयूएसबी ड्रायव्हर घाला. लिनक्सवर टीव्हीचा जुना कर्नल ड्रायव्हर डोंगल बळकावून बसतो, त्याला ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे तो लोडच होणार नाही. हे एकदाचं काम आहे. त्यानंतर सोर्सच्या खान्यात आरटीएल एजीसी आणि ट्यूनर एजीसी दोन्ही बंद करा. एजीसीमुळे गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, आपोआप वर-खाली होत राहिला तर उंची मोजण्याला अर्थ राहत नाही. मग पीपीएम, म्हणजे वारंवारतेत दहा लाखांमागे किती भागांची चूक. स्वस्तातल्या डोंगलचा क्रिस्टल, म्हणजे वारंवारता ठरवणारा स्फटिक, ५० पीपीएमने हललेला असू शकतो, म्हणजे १४५ वर सव्वासात किलोहर्ट्झचा फरक. चॅनल साडेबारा किलोहर्ट्झचे असताना एवढ्यात अख्खा शेजारी बदलतो! डोंगल थोडं तापू द्या, वारंवारता पक्की माहीत असलेला एखादा रिपीटर (सिग्नल पुन्हा प्रसारित करणारं केंद्र) लावा आणि पीपीएम करेक्शन जुळवा. टीसीएक्सओवालं, म्हणजे तापमानाने न हलणाऱ्या क्रिस्टलचं, डोंगल असेल तर हा व्याप जवळजवळ नाहीच.

आता मॉड्यूल मॅनेजरमध्ये जा, यादीतून स्कॅनर निवडा, त्याला काहीतरी नाव द्या आणि अधिकचं चिन्ह दाबा. डावीकडे नवा खाना उघडेल. त्यात आधी ८८ ते १०८ चा एफएम बँड भरलेला असतो, तो पुसा. आकडे हर्ट्झमध्ये लिहायचे असतात, शून्यं मोजून घाला. रेडिओचा मोड एनएफएम (अरुंद एफएम) आणि रुंदी १२५०० करून घ्या. आधी गाणी ऐकत असाल तर रुंदी दीड लाखावरच राहिलेली असते आणि मग स्कॅनर वेड्यासारखा वागतो.

स्टार्टला १४४०००००० लिहू नका. या डोंगलमधला क्रिस्टल २८.८ मेगाहर्ट्झचा, त्याची पाचपट बरोबर १४४. म्हणजे तिथे डोंगलचीच शिटी कायम वाजत असते आणि स्कॅनर तिच्यावर जाऊन बसतो. १४४०१२५०० पासून सुरू करा, इंटरव्हल, म्हणजे एका पावलाचं अंतर, १२५०० ठेवा, म्हणजे चॅनलही जागेवर पडतात.

पासबँड रेशो ही लोक न बघता सोडून देतात ती जागा. मुळात तो १० टक्के असतो, म्हणजे साडेबारा किलोहर्ट्झच्या चॅनलचा मधला सव्वा किलोहर्ट्झच तपासला जातो. आता १४५.८०० वर अंतराळ स्थानक धरायचं म्हणा. ते सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर धावतं, त्यामुळे क्षितिजावर येताना डॉप्लरने, म्हणजे वेगामुळे वारंवारता बदलते म्हणून, सिग्नल सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ सरकलेला असतो. दहा टक्क्यांच्या फटीतून तो हुकू शकतो. मी ७० ठेवतो. तेवढ्यात तो सापडतो आणि शेजारच्या चॅनलशी गल्लतही होत नाही.

लिंगर टाइम म्हणजे सिग्नल गेल्यावर किती वेळ थांबायचं. मूळचा एक सेकंद आपल्या लोकांना पुरत नाही. एकाने ओव्हर म्हटलं की दुसरा खाकरून, माईक शोधून मग बोलतो. चार-पाच हजार मिलिसेकंद ठेवा. ट्यूनिंग टाइमला, म्हणजे वारंवारता बदलल्यावर किती थांबायचं त्याला, इथे फारसं काम नाही. हॅमच्याच ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या बँडवर जाल तेव्हा बँड एका पडद्यात मावत नाही, स्कॅनरला उडी मारावी लागते. तेव्हा २५० बरा.

राहिली लेव्हल, म्हणजे किती उंचीच्या डोंगरावर थांबायचं. आधी झूम पूर्ण मागे घ्या, कारण स्कॅनरला पडद्यावर दिसतो तेवढाच पट्टा दिसतो. एफएफटीचा, म्हणजे आलेख काढणाऱ्या गणिताचा, आकार एकदा ठरवा आणि बदलू नका, तो बदलला की नॉईजची रेघच (सिग्नल नसतानाची तळरेघ) सरकते. मग रेघेची वरची टोकं बघून त्याच्या दहा डीबी वर लेव्हल लावा. संध्याकाळी सोसायटीतले एलईडी दिवे आणि चार्जर लागले की रेघ वर चढते, तेव्हा पुन्हा बघा. डोंगल लॅपटॉपला चिकटवून न लावता यूएसबीच्या एक्स्टेंशन वायरवर लांब ठेवलं तरी बराच फरक पडतो. अँटेना उभीच हवी, पाव तरंगलांबीची दांडी सुमारे ४९ सेंटिमीटर.

शहरात एफएम स्टेशनांची भुतं, म्हणजे जोरदार स्टेशनांमुळे डोंगलातच तयार होणारे खोटे सिग्नल, या बँडात उगवतात. ओळखायची सोपी खूण: गेन तीन डीबी कमी करा. खरा सिग्नल तेवढाच उतरतो, भूत त्याहून कितीतरी जास्त उतरतं. भुतं फारच असतील तर ८८–१०८ चा गाळणी फिल्टर घ्या, नुसत्या सेटिंगने ती जात नाहीत.

मी वापरतो त्या आवृत्तीत एखादी वारंवारता वगळायची सोय नाही, ही खरी कुरकुर. कायमचा कॅरिअर (बोलण्याविना सतत चालणारा सिग्नल) आडवा आला तर बाणाचं बटण दाबून पुढे ढकला, नाहीतर त्याच्या पुढूनच स्टार्ट द्या. विंडोजच्या एसडीआरशार्पसाठी जे फ्रिक्वेन्सी स्कॅनर प्लगइन मिळतं त्यात चॅनल लॉक करता येतो. सतत वगळावंच लागत असेल तर तिकडे जा.

पोलीस वगैरेंचे पट्टे स्कॅनला लावू नका, विचारूही नका. हॅमचा परवाना काढला नसेल तर परीक्षेचा फॉर्म आधी भरा.

रात्रभर लावून ठेवायचं असेल तर रेकॉर्डर ऑडिओवर ठेवा, 'इग्नोर सायलेन्स'ला टिक करा आणि एनएफएमचा स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय, चालू करा. स्क्वेल्चचा आकडा स्कॅनरच्या लेव्हलशी जुळणार नाही, दोन्ही वेगळं मोजतात. हिस्स बंद होईल इतपत ठेवा. सकाळी सगळं बोलणं एका फाईलमध्ये सलग मिळतं. फाईलच्या नावात वारंवारता मात्र रेकॉर्डिंग सुरू केलं त्या क्षणाचीच असते, तेव्हा कोण कुठे बोललं हे कॉलसाईन (परवान्यासोबत मिळणारं प्रत्येकाचं ओळखनाव) ऐकूनच लावावं लागतं.