सर्टिफिकेशनची फी भरण्याआधी: सोलापूरहून तयारी करणाऱ्यांसाठी

आयटीतल्या नोकरीसाठी कंपन्यांची सर्टिफिकेशन परीक्षा द्यायची असेल, तर फी भरायची घाई नको. आधी आठवडाभर नुसत्या नोकरीच्या जाहिराती वाचा, पुण्यातल्या हिंजवडीच्या, खराडीच्या, मगरपट्ट्याच्या. ज्या कामावर जायचंय त्याच कामाच्या वाचा आणि कोणतं सर्टिफिकेट मागितलंय ते वहीत टिपत जा. नेटवर्किंगला सिस्कोचं सीसीएनए दिसेल, क्लाउडला (म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरच्या कामाला) अमेझॉनचं एडब्ल्यूएस नाहीतर मायक्रोसॉफ्टचं अझ्युर, लिनक्सला रेड हॅटचं आरएचसीएसए. क्लासच्या फलकावर मोठ्या अक्षरांत असतं तेच जाहिरातीत असेल, असं नाही. वहीत जे जास्त वेळा आलं, ते एकच धरा. एका वर्षात चार बॅज, म्हणजे सर्टिफिकेटची ऑनलाइन चिन्हं, गोळा करणाऱ्यांचं मला कौतुक नाही. मुलाखतीत त्यातल्या एकावर तरी दहा मिनिटं बोलता यावं लागतं.

हा कागद नक्की काय करतो हेही आधीच समजून घ्या. वालचंदचा बी.टेक. असो की तालुक्याच्या कॉलेजचा बीसीए, कॅम्पस मुलाखती संपल्या की सगळे एकाच ढिगात. त्या ढिगातून तुमचा बायोडेटा वर काढायचं काम सर्टिफिकेट करतं. पुढचं काम अभ्यासाचं, आणि तो कसा केलाय हे समोरच्याला दुसऱ्याच प्रश्नात कळतं.

मग पैशांचा हिशेब. सीसीएनएची फी 300 डॉलर, वर कर; म्हणजे रुपयांत पंचवीस हजारांच्या पुढेच. एडब्ल्यूएसची पायाभूत क्लाउड प्रॅक्टिशनर परीक्षा 100 डॉलरची. नापास झालात तर साधारणपणे पुन्हा पूर्ण फी, म्हणून घरी सांगताना एका नाही, दोन प्रयत्नांचा आकडा सांगा. अभ्यासाला मात्र एवढा खर्च लागत नाही. नेटवर्कचा सराव संगणकावरच करता येणारं सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं, मायक्रोसॉफ्टची ‘लर्न’ ही शिकायची साइट फुकट आहे. अभ्यासक्रमाची अधिकृत यादी त्या त्या कंपनीच्या साइटवरून उतरवून छापून घ्या आणि तिच्यावरच खुणा करत चला. सीसीएनएच्या यादीत ‘आयपी कनेक्टिव्हिटी’ या भागाला 25 टक्के वजन आहे, ‘ऑटोमेशन’ला 10. वेळही त्याच मापाने वाटा.

आता अभ्यासगट. सगळ्या तयारीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी हीच धरतो, कारण पुण्यात ऑफिसमध्ये शेजारच्या खुर्चीवर विचारायला कोणी तरी असतं. जुळे सोलापुरात किंवा अक्कलकोट रोडला खोलीत एकट्याने बसणाऱ्याला ते नसतं. ऑनलाइन गट ती जागा भरून काढतो, पण गट निवडायला डोळे उघडे हवेत. टेलिग्रामवर शोधलंत की पहिल्या झटक्याला ‘डम्प’ वाटणारे भेटतील: परीक्षेतले चोरलेले प्रश्न, उत्तरं पाठ, पास होण्याची हमी. तिथून निघा. परीक्षेआधी तुम्ही गोपनीयतेचा करार मान्य करता, आणि तो मोडल्याचं दिसलं तर सर्टिफिकेट रद्द होतं. त्याहून मोठं नुकसान नोकरीत होतं, पाठ केलेलं उत्तर नेटवर्कच्या स्विचला (संगणक जोडणाऱ्या यंत्राला) समजत नाही की ओ.

चांगला गट ओळखायची माझी खूण अशी: तिथे उत्तराआधी उलट प्रश्न येतो. ‘192.168.10.77/26 कोणत्या नेटवर्कमध्ये?’ असं कोणी टाकलं (हा संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता, /26 म्हणजे नेटवर्कच्या तुकड्याचं माप), की बरा गट ‘64’ असं फेकून मोकळा होत नाही. तो विचारतो, /26 मध्ये एका तुकड्यात पत्ते किती? 64. मग तुकडे कुठून सुरू होतात? 0, 64, 128, 192. मग 77 कुठे बसलं? एवढं झालं की ब्रॉडकास्ट, म्हणजे तुकड्यातल्या सगळ्यांना एकदम निरोप द्यायचा शेवटचा पत्ता, 127 आणि पहिला-शेवटचा सोडून वापरता येणारे पत्ते 62, हे विचारणारा स्वतःच सांगतो. सिस्कोचं लर्निंग नेटवर्क हे अधिकृत ठिकाण आहेच. त्याच्या जोडीला चार-पाच जणांचा आपला मराठी गट व्हॉट्सॲपवर काढा आणि आठवड्यातून एकदा कॉलवर प्रत्येकाने एक विषय बाकीच्यांना शिकवायचा. व्हीएलॅन (एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी नेटवर्कं) कळलंय की नाही, ते समजावताना पहिल्या दोन वाक्यांत उघडं पडतं. मोठ्या गटात विचारताना ‘पिंग होत नाही (समोरचं यंत्र उत्तर देत नाही), मदत करा’ एवढंच लिहू नका. काय जोडलं, काय अपेक्षित होतं, प्रत्यक्षात काय दिसलं ते लिहा आणि ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ या कमांडचा निकाल सोबत चिकटवा. निम्म्या वेळा हे लिहितानाच चूक सापडते.

आरएचसीएसए देणार असाल तर पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न विसरा. तिथे चालू मशीनवर कामं करून दाखवायची असतात, 300 पैकी 210 गुण लागतात. हातच चालला पाहिजे.

तारीख घेण्याआधी नाव तपासा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, बँकेत शेवटी, मधलं नाव कुठे आहे, कुठे नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांची तर इंग्रजी स्पेलिंगं तीन कागदांवर तीन. परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीच्या साइटवरच्या खात्यातलं नाव ओळखपत्राशी जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि फीही जाते. पासपोर्ट असेल तर त्याच्यावरचं नाव अक्षरन् अक्षर तसंच घाला. नसेल तर कोणतं ओळखपत्र चालतं ते त्या परीक्षेच्या नियमांत बघा.

घरून परीक्षा देणार असाल तर खोलीचा विचार आधी करा. टेबल रिकामं, फोन हाताच्या अंतराबाहेर, खोलीचे चारही बाजूंनी फोटो, मध्ये कोणी आत येता कामा नये. पुटपुटत प्रश्न वाचायची सवय असेल तर आतापासूनच मोडा, त्यावरही हटकतात. शेजारी यंत्रमाग असेल तर त्याच्या सुट्टीचा वार धरा, लग्नसराईतली संध्याकाळ टाळा, गड्ड्याच्या यात्रेचे दिवस तर नकोच. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. वीज गेली की आधी तोच मरतो, म्हणून त्याला छोटा यूपीएस लावा. हे जमणार नसेल तर सरळ परीक्षा केंद्र निवडा. पुण्याचं मिळालं तर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाता येतं, पण वेळ दुपारची घ्या. गाडी उशिरा पोचली तरी जीव टांगणीला लागत नाही.

परीक्षेत एक लक्षात असू द्या: सीसीएनएमध्ये पुढे गेलात की मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही. एडब्ल्यूएसमध्ये येतं. सराव परीक्षा त्याच नियमाने द्या.

पास झालात की बॅज बायोडेटात टाका, त्याच्या शेजारी घरी केलेल्या लॅबच्या, म्हणजे प्रत्यक्ष सरावाच्या, दोन ओळी लिहा. गटात अनुभव सांगा, प्रश्न सांगू नका. मुदतीची तारीख त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरवर चढवा. सीसीएनए आणि एडब्ल्यूएस तीन वर्षं चालतात. अझ्युरच्या असोसिएट (मधल्या) पातळीचं सर्टिफिकेट एकच वर्ष चालतं, पण मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत ते ऑनलाइन, फुकट नवं करता येतं. ती मुदत हुकली की पुन्हा पूर्ण परीक्षा आणि पूर्ण फी.