वॉर्डात पॅन लिहायच्या आधी

इंटर्नशिपचा पहिला आठवडा संपत नाही तर हात आपोआप चालायला लागतो, आरएल (शिरेतून द्यायचं द्रव), सेफ्ट्रियाक्झोन (अँटिबायोटिक), पॅन ४० (अ‍ॅसिड कमी करणारं पॅन्टोप्राझोल, ४० मिग्रॅ). पेशंट सेल्युलायटिसचा (त्वचेखालच्या जंतुसंसर्गाचा) असो की हर्नियाचा, पॅन लागलंच. का विचारलं तर "सर, अँटिबायोटिक गरम पडते ना". सेफ्ट्रियाक्झोनने अ‍ॅसिड वाढत नाही राजेहो.

मी एकच करतो, चार्टवर पॅनच्या बाजूला कारण आणि बंद करायची तारीख लिहितो. कारण सुचत नसेल तर पॅन लिहायचंच नाही.

कारणं कोणती चालतात? अल्सर, रक्ताची उलटी, रोज छळणारा रिफ्लक्स (अ‍ॅसिड घशाकडे वर येणं), हे तर सगळ्यांना माहीत आहे. आयसीयूत व्हेंटिलेटरवर ४८ तासांच्या वर गेलेला, प्लेटलेट ५० हजारांखाली किंवा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) १.५ च्या वर, तिथे द्याच. वॉर्डात मात्र बघायचं की अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी दोन्ही औषधं चालू आहेत का, आधी अल्सर झालाय का, म्हातारा माणूस डायक्लोफेनॅक या पेनकिलरवर आहे का. नुसत्या स्टेरॉइडसाठी सहसा गरज नसते, सोबत पेनकिलर असेल तर गोष्ट वेगळी. क्लोपिडोग्रेल असेल तर ओमेप्राझोल, एसोमेप्राझोल ही पॅनच्याच जातीची औषधं टाळा, पॅन्टोप्राझोल चालतं.

आयव्हीचं, म्हणजे शिरेतून औषध द्यायचं, तर वेडच आहे आपल्याकडे. पेशंट बेडवर बसून तर्री पोहे खातोय अन् सिस्टर त्याला व्हायलमधून पॅन देतेय! गिळता येत असेल तर गोळी द्या, डोस तोच ४०, सकाळी उपाशी पोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. फक्त रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) द्यायची म्हणून ही गोळी कुटू नका, वरचं कोटिंग गेलं की पोटातलं अ‍ॅसिडच औषध खराब करतं.

नुकसान काय, असं सगळेच विचारतात. अ‍ॅसिड कमी झालं की जंतूंना रान मोकळं, क्लॉस्ट्रिडियम या जंतूचे जुलाब आणि न्यूमोनिया दोन्ही जास्त दिसतात, आणि वर्षानुवर्षं घेतलं तर मॅग्नेशियम, बी १२ खाली जातं.

खरी गडबड डिस्चार्ज कार्डावर होते. माझ्या ओपीडीत एक काकाजी आले, कॅरीबॅग टेबलावर पालथी केली, त्यात घडीवर फाटत आलेलं एक कार्ड, तीन वर्षांपूर्वीच्या पायाच्या सेल्युलायटिसचं. अँटिबायोटिकपुढे "५ दिवस" लिहिलेलं, पॅनपुढे काहीच नाही. मेडिकलवाला तेच कार्ड बघून दर महिन्याला देत होता. "डॉक्टरनं बंद कर म्हटलंच नाही ना जी," काकाजी म्हणाले, आणि चूक त्यांची नव्हतीच.

एंडोस्कोपी कधी झाली का, रक्तस्राव, अ‍ॅस्पिरिन, सगळं विचारलं, काही नव्हतं. मग आधी डोस अर्धा, २० वर, दोन आठवडे, मग बंद. पण आधीच सांगून ठेवलं की बंद केल्यावर काही दिवस जळजळ उसळेल, दबलेलं अ‍ॅसिड जोरात परत येतं, तो आजार परतला असं समजू नका. हे सांगितलं नाही तर पेशंट चौथ्या दिवशी मेडिकलवर जाऊन पुन्हा गोळ्यांचा पत्ता घेतो. काकाजींना तेवढ्यापुरतं अँटासिडचं सिरप दिलं आणि त्या जुन्या कार्डावर पॅनपुढे लाल पेनने "बंद" लिहून तारीख टाकली.