ढग चुकवा, परवानगी चुकवू नका: नव्या वैमानिकांनो, या चुका टाळा

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात दुपार कलली की सह्याद्रीच्या माथ्यावर ढग उभे राहतात आणि संध्याकाळपर्यंत बरेचदा रत्नागिरी-राजापूरकडे उतरतात. मुंबईहून चिपी, मोपा, दाबोळीला जाणाऱ्यांची वाट तिथूनच. ऐन पावसाळ्यापेक्षा हा वळवाचा काळच जास्त तापदायक. ढग चुकवायला वळावं लागतंच, त्यात गैर काही नाही. कंट्रोलला (जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाला) न विचारता वळणं मात्र गैर, आणि त्यामागे बेदरकारपणापेक्षा उशीर जास्त वेळा असतो.

विमानातल्या हवामान रडारची रेंज (ते किती पुढचं दाखवतं) 40 मैलांवर ठेवून बसलात की उशीर झालाच म्हणून समजा. जेट मिनिटाला सातेक मैल कापतं. संध्याकाळी कंट्रोलच्या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर इतकी गर्दी, की बोलायला जागा मिळेपर्यंत ढग नाकासमोर. (सिम्युलेटरमध्ये ही गर्दी नसते, म्हणून ही सवय तिथे लागत नाही.) दोघा वैमानिकांपैकी एकाने तरी रेंज 80 किंवा 160 वर ठेवावी. रडारच्या अँटेनाचा टिल्ट (वर-खाली कल) ही बघा: ढगाचा माथा बर्फाचा असल्याने रडारवर फिका दिसतो, खरा जोर खालच्या ओल्या भागात कळतो. आणि जोरदार सरीमागे स्क्रीन काळा दिसला म्हणजे पलीकडे आभाळ मोकळं आहे असं नव्हे. रडारचे किरण तिथवर पोचलेलेच नसतात.

मागताना मोघम बोलू नका. बाजू, मैल, कारण: ‘रिक्वेस्ट ट्वेंटी माइल्स राइट ऑफ ट्रॅक ड्यू वेदर’ (ट्रॅक म्हणजे ठरलेली वाट). दक्षिणेला जाताना उजवीकडे समुद्र, म्हणून तिकडे सगळं मोकळं रान, असं अनेकांना वाटतं. पण बंगळूर-हैदराबादहून आखातात जाणारी विमानं हाच किनारा ओलांडतात, आणि दाबोळी तर नौदलाचाच तळ. मिळालेल्या मैलांपलीकडे जायचं असेल तर पुन्हा विचारा. बाजूला जायची परवानगी म्हणजे वर चढायचीही परवानगी नव्हे.

‘स्टँडबाय’ म्हणजे थांबा; होकार नव्हे. ‘अनेबल’ (जमणार नाही) आलं तर दुसरी बाजू मागा, लेव्हल (वेगळी उंची) मागा, होल्ड (एका जागी घिरट्या) मागा, नाहीतर मागे फिरा. पण हे पर्याय लवकर विचारणाऱ्यालाच उरतात. 21 मे 2025 ला दिल्ली-श्रीनगर विमानाने पठाणकोटजवळ सीमेकडे वळण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. लाहोरच्या कंट्रोलनेही नकार दिला. मागे फिरायचं म्हटलं तर ढग अगदी जवळ आलेला. शेवटी विमान गारपिटीतून गेलं. नाकाड फुटलं, तरी सुखरूप उतरलं.

खरोखर इलाज नसेल तर सुरक्षिततेसाठी वळण्याचा अधिकार कमांडरला आहेच. मात्र गप्प राहून वळू नका. ‘पॅन पॅन’ (तातडीचा इशारा) तीनदा, मग कुठे आणि किती वळताय ते सांगा. कंट्रोलकडून उत्तर नसेल तर 121.5 या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर आसपासच्या विमानांना कळवा, बाहेरचे दिवे लावा. कंट्रोलच्या रडारच्या टप्प्याबाहेर, दूर समुद्रावर परवानगी मिळतच नसेल तर ट्रॅकपासून 5 मैलांवर गेल्यावर उंची 300 फुटांनी बदलायची असते. पश्चिमेला जाताना डावीकडे वळलात तर वर, उजवीकडे वळलात तर खाली. पूर्वेला जाताना याच्या उलट. टीकॅसचा (विमानांची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेचा) आरए, म्हणजे वर किंवा खाली जाण्याचा आदेश, आला तर मात्र परवानगीची वाट बघायची नाही: आधी आरए पाळा, मग कळवा.

ढग मागे पडल्यावरची चूक वेगळीच. हेडिंग मोडवर (ऑटोपायलट नुसती दिलेली दिशा धरतो) वळलेलं विमान नॅव्ह मोडवर (ठरलेली वाट धरतो) परत घ्यायचं राहून जातं. 1 सप्टेंबर 1983 ला कोरियन एअरचं 007 असंच हेडिंगवर राहून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. 269 जीव गेले. तिथे ढगाचा संबंध नव्हता, पण बटण तेच. म्हणून मोड बदलताना दोघांनीही तो मोठ्याने वाचावा.

ट्रॅककडे वळताना ‘क्लिअर ऑफ वेदर’ म्हणायला विसरू नका. तोवर कंट्रोलर तुमच्यासाठी जागा अडवून बसलेला असतो, आणि मागून येणाऱ्या विमानाला तोच ढग चुकवायचा असतो.