हापूसच्या वेबसाइटवर ग्राहकांचे अभिप्राय: या चुका टाळा

मार्च उजाडला की देवगड-रत्नागिरीकडच्या बागायतदारांच्या वेबसाइटवर लगबग सुरू होते. फोटो सुरेख असतात, पेटीचा भाव दिलेला असतो, व्हॉट्सॲपचं बटण असतं. खाली एक पट्टी फिरत असते: "खूप छान आंबे. धन्यवाद. – एस. पी., पुणे." "उत्तम सर्व्हिस. – आर. के., मुंबई." पुण्यातलं गिऱ्हाईक हे वाचतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर विचारतं, "यंदा आंबे कुणाकडून घेताय?" तिथे कुणी सांगतं, "आम्ही अमक्यांकडून घेतो. मागच्या वर्षी दोन फळं खराब निघाली, फोटो पाठवला तर त्यांनी पुढच्या पेटीत भरून दिली." ऑर्डर तिकडे जाते.

स्तुती दोन्हीकडे आहे, पण दुसऱ्या वाक्याने गिऱ्हाइकाच्या मनातली एक भीती काढून टाकली. इतरांचा अनुभव पाहून माणूस निर्णय घेतो, याला मार्केटिंगवाले सोशल प्रूफ म्हणतात. हा पुरावा वेबसाइटवर बहुतेकांनी ठेवलेला असतो. तो कोणत्या शंकेचं उत्तर देतो, हे मात्र क्वचितच कुणी पाहतं.

नुसतं 'छान' छापणं

सगळ्यांत मोठी चूक हीच. हापूस मागवणाऱ्याच्या शंका ठरलेल्या आहेत. देवगडच्या नावाखाली कर्नाटकचा आंबा तर येणार नाही ना? कार्बाइडने पिकवलेला नाही ना? कापल्यावर साका, म्हणजे गरात पांढरट, न पिकलेला भाग, निघाला तर? पेटी वाटेत दबली तर पैसे कोण देणार? "अप्रतिम चव" या अभिप्रायात यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

असे अभिप्राय येतात कारण विचारणाच तशी असते. "फीडबॅक द्या" म्हटलं की लोक "छान" लिहून मोकळे होतात. त्याऐवजी नेमकं विचारा: पेटी उघडली तेव्हा फळं कशी होती? पिकायला किती दिवस लागले? एखादं खराब निघालं का, आणि मग आम्ही काय केलं? विचारण्याची वेळही महत्त्वाची. पेटी पोचल्या दिवशी मेसेज गेला तर फळं अजून कच्ची असतात, ग्राहक सांगणार तरी काय? आंबे पिकून घरात रस झाला असेल, अशा बेताने आठ-दहा दिवसांनी विचारा.

मग उत्तर येतं ते असं: "सहा डझनांची पेटी होती. वरचा थर पाचव्या दिवशी पिकला, खालचा दोन दिवसांनी. एका फळात साका होता, त्याचे पैसे परत आले." हा एक अभिप्राय वीस 'छान'पेक्षा जास्त पेट्या विकेल. शुद्धलेखन सुधारायला जाऊ नका, माणसाची भाषा तशीच राहू द्या. आणि हा अभिप्राय 'आमचे ग्राहक' नावाच्या वेगळ्या पानावर पुरू नका. शंका 'ऑर्डर करा' बटणापाशी येते, तेव्हा उत्तरही तिथेच हवं. साक्याबद्दलचा अभिप्राय खराब फळ बदलून देण्याच्या अटींशेजारी, पॅकिंगबद्दलचा कुरिअरच्या माहितीशेजारी.

पटणार नाहीत असे आकडे

"१०,०००+ समाधानी ग्राहक" ही पाटी सगळीकडे दिसते. शंभर कलमांची बाग असलेल्याने ती लावली की वाचणारा मनात हिशेब करतो आणि उलट संशय घेतो, की एवढा आंबा आणला कुठून? त्यापेक्षा मागच्या हंगामात किती पेट्या गेल्या, किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय केलं, हे खरं लिहा. आकडा लहान असला तरी चालतो. सोबत हंगामाचं वर्ष हवंच. आंब्याचं प्रत्येक वर्ष वेगळं असतं; २०१९ चा अभिप्राय यंदाच्या गिऱ्हाइकाला काहीच सांगत नाही.

आपल्यासारखा माणूस न दाखवणं

२००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हॉटेलातल्या टॉवेलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा, एवढंच सांगितल्यावर सुमारे ३७ टक्के पाहुण्यांनी ऐकलं. याच खोलीत पूर्वी राहिलेल्या बहुतेकांनी टॉवेल पुन्हा वापरले, असं लिहिल्यावर हे प्रमाण सुमारे ४९ टक्क्यांवर गेलं. माणूस आपल्या जागी असलेल्या माणसाकडे पाहतो.

म्हणून नटासोबतचा फोटो वर आणि डोंबिवलीच्या काकूंचा अभिप्राय तळाशी, ही मांडणी उलटी आहे. बंगळुरूच्या मराठी कुटुंबाला पुण्याच्या अभिप्रायाने धीर येत नाही. इतक्या लांबच्या प्रवासानंतर पेटी कशी उघडली, हे त्याला बंगळुरूच्याच माणसाकडून ऐकायचं असतं. गावानुसार अभिप्राय लावा.

वाईट वागणुकीची जाहिरात

ही चूक भल्या हेतूने होते. "बरेच जण ऑर्डर नोंदवून ऐनवेळी रद्द करतात, कृपया तसं करू नका." वाचणाऱ्याला यातून कळतं की रद्द करणं सर्रास चालतं. ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. पूर्वीच्या अनेक पर्यटकांनी दगड झालेलं लाकूड उचलून नेल्याचं सांगणाऱ्या पाटीपाशी ठेवलेल्या तुकड्यांपैकी सुमारे ८ टक्के चोरीला गेले, साध्या विनंतीच्या पाटीपाशी २ टक्क्यांहूनही कमी. तेव्हा खरं असेल तर "आमचे बहुतेक ग्राहक नोंदवलेली पेटी घेतातच" असं लिहा. "बाजारात सगळेच फसवतात" हे रडगाणंही काढून टाका, त्याने हापूस ऑनलाइन मागवण्याचीच धास्ती वाढते.

खोटे अभिप्राय, खोटी गर्दी

भाच्याकडून दहा पंचतारांकित रिव्ह्यू लिहून घेणं, किंवा "आत्ता ३० जण ही पेटी पाहत आहेत" असा पॉपअप लावणं. कृपा करून हे करू नका. एका रात्रीत आलेले, एकाच धाटणीचे रिव्ह्यू लोकांना ओळखू येतात, आणि कोकणातल्या प्रामाणिक बागायतदारांचं नावही त्यात खराब होतं. कायद्याचंही भान ठेवा. भारतीय मानक ब्युरोच्या ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीच्या आयएस १९०००:२०२२ या मानकात विकत घेतलेल्या रिव्ह्यूंना जागा नाही. केंद्राने २०२३ मध्ये डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या वेबसाइटवरच्या क्लृप्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात खोटी घाई निर्माण करणं हा प्रकार स्पष्ट दिलेला आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यानुसार १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

टीका पुसून टाकणं

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल संशोधन केंद्राला असं आढळलं, की खरेदीची शक्यता ४.० ते ४.७ रेटिंगच्या दरम्यान सर्वाधिक असते आणि पाचच्या जवळ जाताना कमी होते. एखादी तक्रार आणि तिला दिलेलं नीट उत्तर हा फार मोठा पुरावा आहे. उत्तर असं असावं: "ताई, तीन फळांत साका निघाला, वाईट वाटलं. साका बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो. तीन फळांचे पैसे आज परत केले आहेत." सबब नको, वाद नको, आणि "तुम्ही उन्हात ठेवली असेल" तर मुळीच नको.

चिन्हं आहेत, क्रमांक नाहीत

कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे त्यात येतात. पण जीआयचं चिन्ह कुणीही चिकटवू शकतो. तुम्ही अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेले असाल तर नोंदणी क्रमांक द्या. फूड लायसन्सचा १४ अंकी क्रमांकही लिहा, म्हणजे ज्याला तपासायचं त्याला तपासता येईल.

सगळं आहे, तरी ऑर्डर नाही?

आधी साइट मोबाइलवर उघडून पाहा. अभिप्राय फिरत्या पट्टीत असतील तर वाचून होण्याआधी सरकतात. पट्टी काढा, तीन अभिप्राय स्थिर ठेवा. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट लावले असतील तर अक्षरं वाचता येत नाहीत आणि ग्राहकाचा नंबरही उघडा पडतो. मजकूर टाइप करून टाका आणि नाव-फोटो वापरण्यापूर्वी त्या माणसाची परवानगी घ्या. स्वतःच्या साइटवरच्या रिव्ह्यूंचे तारे गूगलच्या शोधात दिसत नाहीत म्हणून काळजी करू नका. स्वतःच स्वतःबद्दल छापलेल्या रिव्ह्यूंचे तारे गूगलने २०१९ पासून दाखवणं बंद केलं आहे. त्यासाठी गूगल मॅपवरच्या तुमच्या नोंदीवर रिव्ह्यू हवेत.

पहिलाच हंगाम असेल तर अभिप्रायांची जागा रिकामी राहिली तरी चालेल. तिथे तोडणीचा, आढी लावल्याचा (आंबे गवतात पिकत घातल्याचा) व्हिडिओ टाका, बदलीची अट ठळक लिहा. पहिल्या पाच-सहा ग्राहकांना स्वतः फोन करा आणि ते जे सांगतील ते, त्यांना विचारून, त्यांच्याच शब्दांत लावा.