ऑन्टारिओत क्रॉसबोने पहिली अस्वलाची शिकार: नव्याने आलेल्यांसाठी

थंडर बे, सडबरी, टिमिन्स, नॉर्थ बे, सू सेंट मेरी या गावांत आता मराठी माणसं पोचली आहेत. काही कॉलेजच्या निमित्ताने आली, काही 2019 मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आणि उत्तर भागाच्या स्थलांतर योजनेतून. कामावर मे महिना जवळ आला की अस्वलाच्या गोष्टी सुरू होतात आणि आपणही एकदा जाऊन बघावं असं वाटायला लागतं. अडचण अशी की आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे. त्यामुळे इथल्या मुलाला आजोबांकडून जे सहज मिळतं, ते आपल्याला पाटी कोरी ठेवून शिकावं लागतं. ते नीट शिकूनच रानात पाऊल टाकावं, कारण अर्धवट तयारीची किंमत जनावर भोगतं.

आधी कागदपत्रं. रहिवासी परवान्यासाठी तुमचं मुख्य घर ऑन्टारिओत हवं आणि अर्जाआधीच्या 12 महिन्यांत सलग किमान 6 महिने तुम्ही इथे राहिलेले असायला हवं. परदेशातून येणाऱ्या शिकाऱ्याला अस्वलासाठी सहसा आउटफिटरमार्फत, म्हणजे शिकारीची सोय करणाऱ्या परवानाधारक व्यावसायिकामार्फत, जावं लागतं. वाटाड्याशिवाय स्वतंत्रपणे जाण्याची मुभा मिळते ती रहिवाशाला. त्यानंतर हंटर एज्युकेशनचा कोर्स, परीक्षा, आउटडोअर्स कार्ड (शिकाऱ्याचं प्रांतिक ओळखपत्र) आणि अस्वलाचा परवाना टॅगसकट; टॅग म्हणजे मारलेल्या जनावराची नोंद करायची चिठ्ठी. फक्त क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि चाप असलेलं आडवं धनुष्य, वापरणार असाल तर बंदुकीच्या परवान्याची गरज नाही. मात्र दोन प्रकारच्या क्रॉसबोंवर कॅनडात बंदीच आहे: 500 मिमी किंवा त्याहून कमी लांबीचे, आणि एका हाताने नेम धरून सोडता येतील असे. वेबसाइटवर स्वस्तात दिसणारे पिस्तुलासारखे क्रॉसबो या यादीत बसतात, ते मागवू नका.

बंदुकीचा परवाना लागत नाही म्हणून क्रॉसबो सोपा, असं मात्र नाही. प्रांताच्या वन्यजीव कायद्यात क्रॉसबो ‘फायरआर्म’मध्येच मोडतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच शिकार करता येते. त्या वेळेबाहेर रानात क्रॉसबो रिकामा करून केसमध्ये बंद ठेवायचा. हा एक नियम शिकारीचं सगळं गणित ठरवतो. शेवटच्या मिनिटाला बाण सोडलात आणि जनावर झुडपात शिरलं, तर अंधारात त्याच्या मागावर तुम्ही निःशस्त्र जाणार. मे अखेरीस सडबरीत सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे कायद्याने साडेनऊपर्यंत वेळ असते. पहिल्या वर्षी तुम्ही सूर्य मावळण्याच्या आतच हात आवरता घ्यावा असं आमचं ठाम मत आहे. शेवटच्या अर्ध्या तासात अस्वलं येतात हे खरं, पण त्या उजेडात काळ्या अंगावर काळा खांदा कुठे सुरू होतो ते स्कोपमधूनही (नेमाच्या दुर्बिणीतूनही) धड दिसत नाही.

हंगाम दोन. वसंतातला 1 मे ते 15 जून. शरदातला विभागानुसार ऑगस्टच्या मध्यापासून किंवा सप्टेंबरपासून सुरू होतो. वसंतातली शिकार 1999 मध्ये बंद झाली होती, 2014 मध्ये काही भागांत प्रायोगिक पातळीवर परत आली आणि 2021 पासून कायम झाली. वसंतात पिल्लू आणि पिल्लांसोबतची मादी मारणं बेकायदेशीर आहे. म्हणूनच एकटं दिसणारं अस्वल लगेच एकटं समजू नका. मादी पुढे येते तेव्हा पिल्लं बऱ्याचदा मागे झाडावर असतात. दहा-पंधरा मिनिटं नुसतं पाहा: ते मागे वळून बघतंय का, घशातून हलका आवाज काढतंय का, आसपास साल खरवडल्याचा आवाज येतोय का. थोडीही शंका असेल तर बोट चापापासून लांब ठेवा.

आकार ओळखणं नवख्याला फार अवघड जातं, कारण रानात एकटं उभं असलेलं कुठलंही अस्वल मोठंच वाटतं. कान बघा. लहान अस्वलाचे कान डोक्याच्या मानाने मोठे, टोकदार आणि जवळजवळ दिसतात. मोठ्याचे कान छोटे, बाजूला सरकलेले. मोठ्याचं पोट खाली लोंबतं, पाय आखूड भासतात आणि चालताना डोकं खाली असतं. मऊ मातीत पुढच्या पंजाचा ठसा मिळाला तर त्याची रुंदी इंचात मोजा आणि त्यात एक मिळवा. कातडं साधारण तितके फूट भरतं. 5 इंचांचा पंजा म्हणजे 6 फुटांच्या आसपासचं जनावर.

आता शस्त्राकडे. अस्वलासाठी कायद्याने क्रॉसबोचं ओढवजन (दोरी ताणायला लागणारा जोर) किमान 54 किलो, म्हणजे 119 पौंड, आणि ओढलांबी (दोरी मागे ओढली जाण्याचं अंतर) किमान 300 मिमी हवी. हरणाला 45 किलो चालतं, त्यामुळे जुना, हरणासाठी घेतलेला क्रॉसबो कुणी दिला तर आकडे तपासल्याशिवाय नेऊ नका. दुकानातले बहुतेक नवे क्रॉसबो 150 पौंडांच्या वर असतात, पण काही आटोपशीर मॉडेल ओढलांबीत कमी पडतात. ब्रॉडहेड, म्हणजे बाणाचं पात्यांचं टोक, किमान 22 मिमी रुंद आणि किमान दोन धारदार पात्यांचं असावं. पहिल्या शिकारीला उघडणाऱ्या पात्यांचं ब्रॉडहेड नको. तिरक्या कोनात हाडावर आपटलं तर त्यातली बरीच ताकद पाती उघडण्यातच जाते. स्थिर पात्यांचं, 28 मिमीच्या आसपास रुंदीचं, आणि टोकासकट 400 ते 450 ग्रेन (सुमारे 26 ते 29 ग्रॅम) वजनाचा बाण, हा भरवशाचा जोड आहे. खोक्यावर छापलेल्या वेगापेक्षा बाणाचं वजन महत्त्वाचं, कारण इथे आरपार जाणं गरजेचं असतं.

क्रॉसबो दिसतो बंदुकीसारखा, स्कोपही लागतो, म्हणून लोक 50-60 यार्डांची स्वप्नं बघतात. निशाण्याच्या थर्माकोलवर ते जमतंही. जिवंत अस्वलावर पल्ला 20 ते 25 यार्ड धरा आणि तिथेच थांबा.

ताण देताना पाय रिकिबीत घट्ट रोवा, ताण द्यायच्या दोरखंडाच्या दोन्ही हुकांवर सारखा जोर लावा आणि दोरी अडकल्याचा आवाज ऐका. पहिल्यांदा दोरी बरोबर मध्ये बसली की रेलच्या (बाण ज्यावरून सरकतो त्या पट्टीच्या) दोन्ही कडांना लागून दोरीवर पक्क्या शाईच्या पेनाने खूण करून ठेवा. पुढे दर वेळी त्या खुणा रेलच्या कडांशी जुळल्या पाहिजेत. दोरी एका बाजूला जरा सरकलेली असेल तर 20 यार्डांवर बाण कित्येक सेंटिमीटर बाजूला जातो आणि माणूस स्कोपला दोष देत बसतो. बाण ठेवताना तो मागे दोरीला टेकेपर्यंत सरकवा. मध्ये फट राहिली किंवा नॉक (बाणाच्या मागच्या टोकाचा, दोरीला टेकणारा भाग) चुकीच्या प्रकारचा असला, तर दोरी बाणावरून उडी मारते. कंपनीने सांगितलेला नॉकच वापरा. सपाट आणि अर्धचंद्राकृती नॉक एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बाणाशिवाय चाप ओढला तर सगळी ताकद बाणात जायच्या ऐवजी धनुष्याच्या भुजांत जाते आणि त्या तडकतात. पुढचा हात धरताना अंगठा आणि बोटं रेलच्या खाली ठेवा. दोरी अंगठ्याचं टोक सहज उडवते. दोरीला मेण, रेलला कंपनीचं वंगण, आणि दोरीचं मधलं आवरण विसविशीत झालं की दुकानात बदलून घ्यायचं.

नेम आधी साध्या टोकाने 20 यार्डांवर बसवा, मग त्याच वजनाचं ब्रॉडहेड लावून पुन्हा तपासा. दोन्ही एकाच जागी लागतील असं गृहीत धरू नका. सराव उभ्याने मैदानात पुरेसा नाही. जॅकेट घालून, बसून, मचाणाच्या उंचीवरून खाली नेम धरून करा.

जागेसाठी उत्तरेत पर्याय भरपूर आहेत. प्रांताची सुमारे 87 टक्के जमीन सरकारी म्हणजे क्राउन लँड आहे. तरीही नकाशा उघडून खात्री करा. बहुतेक प्रांतिक उद्यानांत शिकार चालत नाही, फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, राखीव जमिनीवर त्यांच्या परवानगीशिवाय जायचं नाही, आणि झाडावर किंवा खांबावर लाल रंगाची खूण म्हणजे प्रवेश बंद. मे महिन्यात अस्वलं कोवळ्या गवतावर, क्लोव्हरवर, डँडेलियनवर येतात, म्हणून जुने लाकूडतोडीचे रस्ते आणि वीजवाहिन्यांखालचे पट्टे पाहा. ऑगस्टमध्ये ब्लूबेरी आणि रास्पबेरी, पुढे ओक आणि बीचची फळं. उलटवलेले दगड, फोडलेले कुजके ओंडके, बीचच्या सालीवर नखांचे ओरखडे आणि ताजी विष्ठा एकाच ठिकाणी दिसली की तिथे बसण्यात अर्थ आहे.

बरेचजण आमिष वापरतात. घरं, सार्वजनिक इमारती, रस्ते आणि कचरा डेपोपासून किती अंतर ठेवायचं ते दरवर्षीच्या नियमपुस्तिकेत दिलेलं असतं; ते मोजूनच जागा ठरवा. ओट्स, पॉपकॉर्न, मळी, तळणीचं उरलेलं तेल चालतं. चॉकलेट अजिबात घालू नका, ते अस्वलाला विषारी आहे. आमिषाचं पिंप जाड झाडाला साखळीने बांधा, मचाण त्यापासून 16 ते 18 मीटरवर घ्या, आणि पिंपाच्या बाजूंना ओंडके असे आडवे टाका की खाणाऱ्या अस्वलाची कूस तुमच्याकडे येईल. ही अर्ध्या तासाची मेहनत पुढे नेमापेक्षा जास्त कामाला येते. पिंपामुळे आकारही कळतो: 200 लिटरचं पिंप साधारण 88 सेंमी उंच असतं, चारही पायांवर उभ्या अस्वलाची पाठ त्याच्या वरच्या कडेजवळ आली तर ते मोठं नर असण्याची शक्यता खूप.

मचाण 4 ते 5 मीटरवर पुरे. त्याहून उंच गेलात तर कोन इतका तीव्र होतो की बाण एकाच फुप्फुसातून जातो, आणि एका फुप्फुसावर अस्वल फार लांब जातं. जमिनीवरून पाय उचलल्यापासून खाली उतरेपर्यंत अंगावर हार्नेस हवा. क्रॉसबोला ताण खालीच द्या, सेफ्टी लावा, बाण लावू नका, स्वतः वर चढा आणि मग दोरीने तो ओढून घ्या. वर बसल्यावर रिकाम्या क्रॉसबोने डावीकडे-उजवीकडे नेम धरून पाहा. धनुष्याच्या भुजा कठड्याला किंवा खोडाला थटत असतील तर ते आत्ताच कळलेलं बरं. दिवस संपताना, वेळेच्या आत, बोथट बाण मऊ मातीत सोडून ताण उतरवा. काही मॉडेलांत हँडलनेच तो उतरवता येतो.

मचाणावर नसताना केशरी रंग सक्तीचा आहे: डोक्यावर टोपी आणि कमरेच्या वर किमान 400 चौरस इंच सलग केशरी. हरीण, मूस किंवा एल्कचा बंदुकीचा हंगाम चालू असेल तर मचाणावरही.

वाऱ्याबद्दल कितीही सांगितलं तरी कमीच. अस्वलाची नजर बरी असते, नाक मात्र विलक्षण. ते आधी वाऱ्याच्या खालच्या बाजूने फेरी मारतं आणि वास घेऊनच पुढे येतं. छोट्या बाटलीत टाल्कम पावडर ठेवा आणि अधूनमधून फवारून पाहा. संध्याकाळी हवा गार होऊन उताराने खाली वाहू लागते. दुपारी बरोबर वाटलेली जागा तेव्हा उलटी पडते. वारा चुकीचा असेल त्या दिवशी बसूच नका.

बाण कधी सोडायचा? अस्वल पूर्ण आडवं उभं असताना, किंवा किंचित तुमच्यापासून तिरकं. समोरून नाही, डोक्यावर नाही, चालत्यावर नाही. जवळचा पुढचा पाय पुढे टाकेपर्यंत थांबा, मग खांद्याचं जाड हाड बाजूला होतं. त्या पायाच्या मागच्या रेषेला लागून, अंगाच्या खालून वर एक तृतीयांश उंचीवर नेम धरा. लांब केसांमुळे पोटाची रेषा खरीपेक्षा खाली दिसते, म्हणून अगदी खाली नेम धरणाऱ्याचा बाण केसांतून निघून जातो.

अस्वल पळालं की लगेच उतरू नका. शेवटचं कुठल्या झाडापाशी दिसलं, कुठे फांद्या मोडल्याचा आवाज आला, हे कंपासवर नोंदवा. दोन्ही फुप्फुसांतून बाण गेला असेल तर ते बहुधा 100 यार्डांच्या आत पडतं. पाऊण तास थांबून बाण पाहा: फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुसाचं, काळपट लाल यकृताचं, हिरवट डाग आणि घाण वास आतड्याचा. आतडं असेल तर आवाज न करता मागे फिरा आणि 6 ते 8 तास थांबा. चरबी जखम बुजवते आणि दाट केस रक्त शोषून घेतात, त्यामुळे चांगल्या घावालाही माग तुटक मिळतो. आरपार बाण हवा तो याचसाठी. मागावर दोघांनी जा, एकाची नजर जमिनीवर, दुसऱ्याची समोर. पडलेल्या अस्वलाकडे मागून जा आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून खात्री करा.

विदर्भातून आलेल्यांच्या मनात अस्वल म्हणजे मोहाखाली अचानक अंगावर येणारं जनावर असतं. इथलं काळं अस्वल बहुधा माणसाला टाळतं. जखमी असेल तर ती खात्री धरू नका. बेअर स्प्रे (अस्वलाला हटवायचा मिरचीचा फवारा) कमरेला असू द्या, पाठपिशवीच्या तळाशी नको. आणि शहरात माणसापासून बचावासाठी म्हणून तो खिशात बाळगू नका, तो गुन्हा ठरतो.

जनावर हलवण्याआधी टॅगवर तारीख-वेळेच्या खाचा पाडा. मग घाई करा. जाड कातडं आणि चरबीमुळे अंगातली उष्णता आत कोंडते आणि वसंतातल्या संध्याकाळीही मांस काही तासांत खराब होऊ लागतं. पोट साफ करा, कातडं काढा, मांड्या वेगळ्या करून बर्फाच्या खोक्यात टाका. खाण्याजोगं मांस वाया घालवणं बेकायदेशीर आहे. अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला हा कृमी असू शकतो आणि त्याची उत्तरेकडची जात गोठवूनही मरत नाही. म्हणून सुकं करा, रस्सा करा, पण थर्मामीटर घालून आतलं तापमान 74 अंश सेल्सिअस झाल्याशिवाय उतरवू नका.

पित्ताशय शरीरापासून वेगळं करून बाळगणं ऑन्टारिओत गुन्हा आहे. कुणी औषधासाठी मागितलं तरी देऊ नका. नख, दात किंवा कातडं सुट्टीत भारतात न्यायचा विचारही नको, कारण काळं अस्वल साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि परवान्याशिवाय त्याचा कुठलाही भाग सीमेपार नेता येत नाही. हंगाम संपल्यावर प्रश्नावली भरणं सक्तीचं आहे, टॅग वापरला नसला तरी आणि एकदाही रानात गेला नसलात तरी.