संकासुराकडून चाकरमान्याकडे : कथा शिकवताना पुराणातला साचा कसा वापरावा

सिंधुदुर्गातल्या आठवी-नववीच्या मुलांना ग्रीक वीर लांबचा. संकासुर मात्र जत्रेतल्या दशावतारात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, डोळ्यांदेखत नाचलेला असतो. म्हणून कथेच्या टप्प्यांचा साचा त्याच्याकडूनच घ्या. त्याने वेद पळवून समुद्रात दडवले, विष्णूने मत्स्यरूप घेऊन त्याला मारलं आणि वेद परत आणले. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली अद्भुतकथांतली अशी ३१ कार्यं, म्हणजे कथा पुढे नेणाऱ्या पात्रांच्या ठरावीक कृती, मांडली. ती यादी शिक्षकाने वाचलेली असावी, वर्गात मात्र नेऊ नये. ३१ नावं पाठ करण्यातच तासिका जाते.

वर्गासाठी सहा प्रश्न पुरे : काय हरवलं? कोण निघालं? वाटेत कोणी अडवलं? मदत कोणी केली? झुंज कुठे झाली? हातात काय घेऊन परत आलं? जाड पुठ्ठ्याच्या सहा पत्त्यांवर एकेक प्रश्न लिहा. पाच-पाच मुलांचा गट करा आणि प्रत्येक गटाला एक संच द्या. संकासुराच्या कथेत 'मदत' या पत्त्याला बहुधा उत्तर मिळणार नाही. तो कोराच ठेवू द्या. कोरा पत्ता ही चूक नव्हे, हे पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.

पहिली तासिका सादरीकरणाची. पारंपरिक दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात. आख्यानाचा सांगाडा ठरतो आणि बोलणं रंगमंचावर उभं राहतं. तेच वर्गात करा. दोन गटांना एकच सांगाडा द्या, दहा मिनिटं तयारीला, पाच-पाच मिनिटं सादरीकरणाला. बोली मालवणी चालेल, किंबहुना तीच असू द्या. बाकीच्या मुलांनी वहीत दोन रकाने करायचे : दोन्ही गटांत काय सारखं राहिलं, काय बदललं. डाव्या रकान्यात साचा उतरतो. उजव्या रकान्यात शब्द, लय, विनोद, पात्राचा स्वभाव येतो, आणि साहित्य शिकवायचं ते याच रकान्यातून.

दुसऱ्या तासिकेत पत्ते पाठ्यपुस्तकातल्या कथेवर लावा. कथा घरची हवी असेल तर अशी एक घ्या : पोरगा मुंबईच्या गिरणीत जातो, १९८२ च्या संपात काम सुटतं, गणपतीला गावी येतो, पण आईला काहीच सांगत नाही. निघणं आहे, झुंज आहे, परतणंही आहे; फक्त हात रिकामे. मुलं घाईने 'त्याला अनुभव मिळाला' असं लिहून पत्ता भरून टाकतात. तिथे थांबवा. 'लेखकाने हात रिकामे का ठेवले?' हा प्रश्न विचारा आणि निदान पंधरा मिनिटं त्याच्यावरच घालवा. साचा जिथे मोडतो, तिथेच कथेचं मर्म सापडतं.

घोटाळा सगळ्यात जास्त होतो तो अडवणाऱ्यावर. वाटेत आडवा आला की मुलं त्याला खलनायक ठरवतात. इथे गावाचा राखणदार उपयोगी पडतो. आरवलीच्या वेतोबाला मोठाल्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो अशी श्रद्धा आहे. तो येणाऱ्याला पारखतो, वैर धरत नाही. एकदा हा फरक पटला, की कथेतला कडक मामा किंवा मुकादम मुलं वेगळ्या नजरेने वाचू लागतात.

दुसरी चूक उलटी : प्रत्येक म्हातारा गुरू आणि प्रत्येक नदी वैतरणी. उपाय साधा, पत्त्यामागे कथेतलं एक वाक्य जसंच्या तसं उतरवल्याशिवाय पत्ता मांडायचा नाही. वाक्य सापडलं नाही तर पत्ता परत.

देवांच्या कथा असल्याने 'हे खरं घडलं का?' असं कुणीतरी विचारणारच. त्या वादात शिरू नका. 'कथेत पुढे काय होतं?' एवढ्यावर वर्गाला आणा. परशुरामाने समुद्र बाणाने हटवला की परशूने, यावरही दोन घरची मुलं भांडतील. ते भांडण मात्र चालू द्या, पाठभेद शिकवायला आयतं उदाहरण मिळतं.

तिसऱ्या तासिकेत लेखन, दीडशे शब्दांत. दहापैकी तीन गुण टप्पे ओळखण्याला, तीन पुराव्याच्या वाक्यांना आणि चार साचा कुठे मोडला ते सांगण्याला. गुणांची ही वाटणी लेखनाआधीच फळ्यावर लिहा, नाहीतर निम्मा वर्ग नुसता कथेचा सारांश लिहून देतो.